अल्टोत कट्टे कोंबल्याने तिची पिकअप होत नाही



गेल्या दोन हंगामांपासून आमच्या घाटावरच्या भागात एक नवीनच शहाणपण निघालं आहे. दीड-दोन लाखात जुनी अल्टो नाहीतर वॅगनआर घ्यायची, मागची सीट काढून घरात ठेवायची, सोयाबीनचे कट्टे काचेपर्यंत कोंबायचे आणि बाजार समितीत न्यायचे. वरून सांगायचं, "पिकअपचं भाडं वाचलं अन् घरची गाडीबी झाली." चहाच्या टपरीवर हे इतक्या वेळा ऐकलं की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी सरळ सांगतो, हा हिशोब चुकीचा आहे. पैशाने चुकीचा, गाडीच्या रचनेने चुकीचा, कायद्याने चुकीचा, आणि राजूर घाटात तर जिवावर बेतणारा.

पण पिकअपवाल्यांनी लगेच टाळ्या वाजवू नये. सात एकरवाल्या कास्तकाराने दहा लाखाची पिकअप हप्त्यावर आणून दारात उभी करावी, असंही मी म्हणत नाही. ते त्याहून वाईट. माझं म्हणणं एवढंच आहे की माल मालाच्या गाडीतून जावा, आणि ती गाडी आपल्यासारख्या बहुतेकांनी भाड्याची घ्यावी, जमलं तर चौघांनी मिळून.

लोक असं का करतात ते मला कळतं. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या खाली विकावं लागलं. पुढच्या वर्षी ५,३२८ जाहीर झाला. कागदावरचा भाव आणि हातात आलेली पट्टी यात फरक पडला की माणूस जिथून वाचेल तिथून वाचवायला बघतो. बियाणं, खत, मजुरी आपल्या हातात नाही. भाडं तेवढं हातात आहे असं वाटतं. म्हणून आधी त्याच भाड्याचा हिशोब मांडू.

माझं वावर सात एकर. चिखली बाजार समिती गावापासून २२ किलोमीटर. बरं साल असलं की सोयाबीन ४२ क्विंटल, तूर ६, हरभरा २७. एकूण ७५ क्विंटल माल वर्षात बाजारात जातो. पिकअपवाला चिखलीचे १,२०० रुपये घेतो. दीड टनवाली पिकअप असली तर नियमात १५ क्विंटल बसतात. म्हणजे पाच खेपा, सहा हजार रुपये. संपलं.

आता अल्टो. गाडीवाला आणि सोबत एक माणूस धरून त्या गाडीने नियमात किती वाहायचं ते पुढे सांगतो, पण ५० किलोचे सहा कट्टे हीच तिची खरी हद्द. म्हणजे तीन क्विंटल. ७५ क्विंटलला २५ खेपा झाल्या. जाऊन येऊन ४४ किलोमीटर, म्हणजे ११०० किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला १५ देते असं धरू, पेट्रोल १०५ रुपये धरू. ७,७०० रुपये नुसतं पेट्रोलच झालं. पिकअपचं सगळं भाडं सहा हजार, अन् फुकटच्या म्हणवणाऱ्या घरच्या गाडीचं पेट्रोल सात हजार सातशे. क्लच प्लेट, शॉकअप, टायर यांचा खर्च मी अजून धरलेलाच नाही.

आणि दिवस? बाजार समितीत तीन क्विंटल नेले काय अन् पंधरा नेले काय, रांग तीच, हर्राशीची वाट तीच, काट्यावरचा वेळ तोच. एका खेपेला अर्धा दिवस धरला तरी २५ खेपांचे साडेबारा दिवस. ते दिवस कोणते, तर ऐन रब्बीच्या पेरणीचे. हरभरा पेरायचा, जमिनीतली ओल उडून चालली, आणि घरचा मालक तीन क्विंटल सोयाबीन घेऊन अडत्याच्या दुकानापुढे बसलेला. हा तोटा कुणाच्या वहीत लिहिलेला नसतो, म्हणून तो नाही असं नाही. त्यात लहान ढिगाला व्यापारी मनापासून भाव लावत नाही, हे बाजारात बसणाऱ्याला सांगायला नको.

कुणी म्हणेल, "आम्ही तीन क्विंटल कशाला नेऊ, आम्ही सहा नेतो." इथेच खरी गोम आहे. कारमध्ये भाडं वाचतं ते फक्त जास्त कोंबलं तरच. म्हणजे ही बचत काटकसरीतून येत नाही, गाडीच्या अंगावर जास्तीचं ओझं टाकून येते. ते ओझं गाडीला काय करतं ते बघू.

अल्टो ८०० चं स्वतःचं वजन साडेसातशे किलोच्या आसपास. अशा लहान गाड्यांनी माणसं आणि सामान मिळून साधारण चारशे ते पाचशे किलो वाहावं, असा बनवणाऱ्याचा हिशोब असतो. अल्टो त्यात खालच्या टोकाला. हा आकडा पाच माणसं आणि त्यांच्या पिशव्या यांचा आहे, आणि त्यात गाडी चालवणारा पण मोजलेला आहे. आता ६० किलोचे दहा कट्टे टाका. सहाशे किलो. दोन माणसं १३० किलो. एकूण सातशे तीस. म्हणजे गाडीवर जवळपास तिच्याच वजनाची दुसरी गाडी बसवली. अन् वरून म्हणायचं, "काही होत नाही, आरामात ओढते." ओढते हो, इंजिन ओढतं. पण ओढणं ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे. अवघड आहे ते थांबणं, वळणं आणि तोल सांभाळणं.

पिकअपच्या, छोट्या हत्तीच्या खाली वाकून बघा. मागे पाट्यांची कमान दिसेल. ती ओझ्यासाठीच असते. कारच्या मागे स्प्रिंग असते, ती माणसांना हादरे बसू नयेत म्हणून. सहाशे किलो टाकले की स्प्रिंग पूर्ण दबते, मग खड्ड्याचा प्रत्येक धक्का सरळ सांगाड्यावर.

दुसरी गोष्ट चाकांची. अल्टो पुढच्या चाकांनी ओढते आणि पुढच्याच चाकांनी वळते. इंजिन पुढे, त्याचं वजन त्या चाकांवर, म्हणून ती चाकं रस्ता धरतात. तुम्ही सगळं ओझं मागे टाकलं की मागचा भाग खाली बसतो आणि पुढचा उचलतो. मग चढावर चिखलात पुढची चाकं जागेवर फिरतात, आणि वळणावर स्टेअरिंग हलकं लागतं. हलकं लागलं म्हणजे चांगलं नव्हे, चाकाने जमीन सोडायला सुरुवात केली असा त्याचा अर्थ. पिकअपचं उलटं आहे. तिथे मागची चाकं ढकलतात, ओझंही मागेच, त्यामुळे भरल्यावर तिची पकड वाढते. शिवाय कारचं बूड बसलं की हेडलाइट वर आभाळाकडे जातात. समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला रस्ता दिसत नाही. रात्री बाजारातून परतणाऱ्या लोकांनी हे अनुभवलंय.

तिसरी गोष्ट टायरची. जुन्या अल्टोच्या टायरवर १४५/८० आर १२ आणि त्यापुढे ७४ असा आकडा असतो. तो ७४ म्हणजे एका टायरने जास्तीत जास्त ३७५ किलो पेलायचे. मागच्या दोन टायरचे मिळून ७५०. गाडीच्या मागच्या भागाचं स्वतःचं वजन त्यातच आलं. वर सहाशे किलो टाकल्यावर उरलं काय? त्यात टायर गुळगुळीत झालेले, हवा कधी बघितलेली नाही, अन् रस्ता तापलेला.

आता घाट. आपला जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा दोन तुकड्यांत आहे, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. घाटावरून मलकापूरकडे माल न्यायचा तर राजूर घाट, बुलढाण्याहून खामगावला जायचं तर बोथ्याचा घाट, तोही ज्ञानगंगा अभयारण्याच्या जंगलातून. भरलेली गाडी घाट चढते तेव्हा फक्त क्लच जळतो. उतरते तेव्हा जीव टांगणीला लागतो. वजन दुप्पट झालं की त्याच वेगात ब्रेकला दुप्पट काम पडतं. लहान कारचे ब्रेक लहान. ते तापतात, तापले की पकड सोडतात, पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. अन् समजा थांबली, तर मागचे कट्टे थांबत नाहीत. पिकअपमध्ये माणूस आणि माल यांच्यामध्ये लोखंडी पत्रा असतो. कारमध्ये काय असतं? सीटची पाठ. ६० किलोचा कट्टा मानेवर येऊन आदळला तर पुढचं सांगायला नको. आणि पुढच्या सीटवर बहुतेक वेळा कोण असतं, तर बाजार बघायला निघालेलं घरचं लेकरू.

आता कायदा आणि विमा. हा भाग नीट वाचा, कारण हे फार कमी लोकांना माहीत आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मालवाहू गाडीची व्याख्या दिलेली आहे. मालासाठी बनवलेली गाडी तर त्यात येतेच, पण मालासाठी न बनवलेली गाडी जेव्हा माल वाहायला वापरली जाते, तेव्हा तीही त्या व्याख्येत येते. म्हणजे कट्टे भरले त्या क्षणी तुमची कार कायद्याच्या नजरेत वेगळ्या रांगेत जाऊन बसू शकते. घरच्या खाण्याचं एक पोतं गहू नेलं म्हणून कुणी अडवत नाही. पण सीट काढून दहा कट्टे भरलेली गाडी ही गोष्ट वेगळी.

त्याहून महत्त्वाची विम्याची पॉलिसी. कपाटातून काढा आणि वापराच्या मर्यादा असं लिहिलेला भाग शोधा. खासगी कारच्या पॉलिसीत तिथे स्पष्ट असतं की भाड्याने वाहतूक आणि माल वाहतूक सोडून इतर वापराला विमा लागू. नमुन्याचा माल आणि स्वतःचं प्रवासाचं सामान एवढीच सूट. सोयाबीनचे दहा कट्टे म्हणजे प्रवासाचं सामान, असं कुठल्या कंपनीला पटवणार आहात?

आमच्या शिवारातल्या एका पोराची गाडी अशीच भरलेली असताना टायर फुटून नालीत गेली. देवाच्या दयेने तो वाचला. गाडीचा क्लेम टाकला. सर्व्हेअर आला, त्याने नालीत सांडलेल्या सोयाबीनचे फोटो काढले आणि गेला. महिन्याने पत्र आलं, क्लेम नामंजूर. कंपनीचं नाव घेत नाही, कारण कुठलीही कंपनी हेच करेल. पॉलिसीत लिहिलेलंच आहे. आणि यात दुसरं कुणी जखमी झालं असतं तर? अशा केसमध्ये कोर्ट कंपनीला सांगू शकतं की जखमीला पैसे तू दे आणि नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल कर. वसूल म्हणजे वावर. दुसरं काय आहे आपल्याजवळ?

भाड्याच्या पिकअपचं इथे उलट आहे. मालाच्या गाडीत मालाचा मालक किंवा त्याने पाठवलेला माणूस बसला असेल, तर १९९४ च्या दुरुस्तीनंतर कलम १४७ प्रमाणे तो विम्यात धरला जातो. म्हणजे केबिनमध्ये बसून आपल्या मालासोबत गेलात तर तुम्हाला आधार आहे. पण कट्ट्यांच्या वर मजूर बसवून नेता, त्यांना तो आधार नाही. ही सवय पिकअपवाल्यांनी आणि आपणही सोडली पाहिजे. तसंच दीड टनाच्या पिकअपमध्ये २५ क्विंटल भरणारेही शहाणे नाहीत. मालवाहू गाडी जास्त भरली तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जास्तीच्या टनाला २,००० रुपये. मी वर १५ क्विंटलचाच हिशोब धरला तो म्हणूनच.

आता काही जण म्हणतील, "विदेशात तर शेतकरी कारच वापरतात." बरं, विदेशाचं बघू. फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीची २ सीव्ही नावाची गाडी १९४८ ला लोकांपुढे आली. ती मुद्दाम खेड्यातल्या शेतकऱ्यासाठी बनवलेली. तिच्या आखणीत मालाची अट किती होती माहीत आहे? ५० किलो बटाटे. आपला एक कट्टा! शेतकऱ्यासाठी बनवलेल्या कारकडून तिथल्या शहाण्या लोकांनी एवढीच अपेक्षा ठेवली.

जपानचं बघा. तिथलाही बहुतेक शेतकरी आपल्यासारखाच लहान, तुकड्या-तुकड्याच्या जमिनीवाला, वरून डोंगरी रस्ते. त्याने काय केलं? कारमध्ये पोती कोंबली नाहीत. त्याच्यासाठी लहान ट्रक बनले, त्यांना के-ट्रक म्हणतात. इंजिन ६६० सीसी, म्हणजे आपल्या अल्टो ८०० पेक्षा लहान. पण मागे उघडा हौदा, फळके पडणारे, मालासाठीच बनवलेला. आणि त्यावर कायद्याने जास्तीत जास्त ओझं किती, तर ३५० किलो. खास मालासाठी बनवलेल्या गाडीवर जपानी माणूस ३५० किलोला थांबतो, आणि आपण माणसांसाठी बनवलेल्या गाडीत ६०० किलो भरून घाट उतरतो!

आपल्याकडे १९८४ ला आलेली मारुतीची व्हॅन, जिला नंतर ओम्नी म्हणायला लागले, ती जपानच्या सुझुकी कॅरीवरूनच आलेली. तिने खेड्यात भाजी, दूध, किराणा सगळं वाहिलं. २००५ ला टाटांचा छोटा हत्ती आला. साधारण पाऊण टनाची ती गाडी गावागावात का चालली? कारण लहान मालाला लहान गाडी लागते ही गोष्ट त्यात बरोबर पकडलेली होती. म्हणजे लहान गाडीला माझा विरोध नाहीच. विरोध आहे तो माणसांच्या गाडीला मालाची गाडी करण्याला.

मग कार शेतकऱ्याच्या कामाची नाही का? आहे, आणि खूप आहे. युरियाच्या दोन गोण्या आणायच्या, आता त्या ४५ किलोच्या असतात, खुशाल आणा. जळालेली मोटर रिवायंडिंगला न्यायची, ठिबकचं सामान आणायचं, भाजीचे पाच-सहा क्रेट आठवडी बाजारात न्यायचे, रात्री-बेरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं. पाऊस आला तरी माल भिजत नाही, हाही फायदा मान्य. हे सगळं करा.

पण दोन गोष्टी कारमध्ये नेताना जपा. एक, सोयाबीनचं बियाणं. त्याचं टरफल पातळ, ते आपटलेलं सोसत नाही. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. डिक्कीत दाबून कोंबलेली, वरून फेकलेली, आणि जूनच्या उन्हात बंद कारमध्ये दुपारभर तापलेली बॅग पेरली आणि उगवली नाही, तर दोष कंपनीला देऊन उपयोग नाही. दोन, कीटकनाशक. बंद कारमध्ये औषधाचा डबा गळला तर तो वास आपणच ओढतो, सोबतची लेकरं ओढतात. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने काय झालं ते विसरू नका. खाण्याच्या वस्तू किंवा जनावरांची ढेप आणि औषध एकमेकांना लागतील असं नेऊ नये, हे कीटकनाशकांच्या नियमातही आहे. सीट काढलेल्या कारमध्ये हे सगळं एकाच खेपेत, एकमेकांवर टाकून येतं. म्हणून सांगतो.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. "कार नको तर मग स्वतःची पिकअपच घेतो." घ्या की, पण वही काढून. आठ लाखाचं कर्ज, दहा टक्के व्याज, पाच वर्षं. महिन्याला सतरा हजाराच्या आसपास हप्ता. वर्षाचे दोन लाख चार हजार. विमा, फिटनेस, टायर वेगळे. माझ्या मालाचं वर्षाचं भाडं किती निघालं होतं? सहा हजार. सहा हजार वाचवायला दोन लाख घालायचे म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. "मी भाडे मारीन" म्हणणाऱ्याने पण मोजावं. १,२०० च्या १७० खेपा केल्या तर फक्त हप्ता निघतो, अन् डिझेल अजून टाकलेलं नाही. तो धंदा वाईट नाही, पण मग तुम्ही वाहतूकदार झालात, शेती बाजूला पडली. डोळे उघडे ठेवून करायचं तर करा.

ट्रॅक्टर-ट्रॉली आहेच की, असं कुणी म्हणेल. वावरातून खळ्यावर, खळ्यावरून घरी, तिथे ट्रॉलीला तोड नाही. पावसाळ्यात पाणंदीच्या चिखलात दुसरं काही जातही नाही. पण घाटातून रात्रीची, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ट्रॉलीला ब्रेक नाही, अशी ट्रॉली बाजारात नेणं हे कारच्याच पंगतीतलं आहे.

मग करायचं काय? चार गोष्टी सांगतो.

पहिली, पिकअप वाटून घ्या. तीन-चार क्विंटलवाल्याची अडचण खरी आहे. त्याच्यासाठी पिकअपवाला येत नाही, आला तर पूर्ण भाडं मागतो. पण एका गल्लीत असे चार जण असतातच. चौघांचे मिळून १५ क्विंटल होतात. १,२०० चे चार भाग, तीनशे रुपये एकाला. कारच्या एका खेपेचं पेट्रोलच तीनशेच्या वर जातं! कट्ट्यांना वेगळ्या रंगाची सुतळी बांधा, माल वेगळा उतरवा, काटा पट्टी ज्याची त्याच्या नावाने करा. दाणा मिसळत नाही आणि भांडण होत नाही. आम्ही तीन घरं गेली चार वर्षं असंच करतो.

दुसरी, माल तुकड्या-तुकड्याने विकायची वेळच का येते ते बघा. पैशाची गरज पडते म्हणून. त्यासाठी शेतमाल तारण योजना आहे, पणन मंडळाची, १९९० पासून चालू आहे. बाजार समितीत ही योजना चालू असेल तर सोयाबीन, तूर, हरभरा तिच्या गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, सहा टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी. म्हणजे पिकअपच्या दोन-तीन खेपांत माल एकदाच गोदामात गेला, हातात खर्चाला पैसे आले, आणि विकायची घाई संपली. थोडा थोडा विकून भाव साधायचा असेल तर तोही तिथूनच साधता येतो. आपल्या समितीत जाऊन विचारा. विचारणारे वाढले तर समितीलाही ती नीट चालवावी लागेल.

तिसरी, ज्याचा भाजीपाला आहे, रोजचा माल आहे, त्याचं गणित वेगळं. त्याला वर्षाला पाच खेपा नाहीत, दीडशे-दोनशे आहेत. त्याने कार न घेता तेवढ्याच पैशात दुसऱ्या हातचा छोटा हत्ती बघावा, भावकीत दोघांत घ्यावा. लायसन्सची भीती नको. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की हलक्या वाहनाचं साधं लायसन्स असणारा साडेसात हजार किलोपर्यंतच्या एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवू शकतो. पिकअप, छोटा हत्ती सगळं त्यात आलं.

चौथी गोष्ट पिकअपवाल्या भावांसाठी. राजेहो, लोक अल्टोकडे का वळले त्याला तुम्हीही थोडे जबाबदार आहात. ऐन हंगामात भाडं दीडपट करता, सकाळी येतो म्हणून दुपारी येता, लहान कास्तकाराचा फोन उचलत नाही. गावात एक दर ठरवा, क्विंटलमागे सांगा, दोन-तीन जणांचा माल एकत्र घ्यायची तयारी ठेवा. गाडी रिकामी उभी राहण्यापेक्षा ते तुमच्याच फायद्याचं आहे.

शेवटी एक मोठी गोष्ट. १८७० ला इंग्रजाने जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेची फाटा लाइन टाकली. १३ किलोमीटरच्या आसपासची. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला होता. आपल्यावर प्रेम होतं म्हणून नाही, त्यांना वऱ्हाडातला कापूस पाहिजे होता म्हणून. पण एक गोष्ट त्यात दिसते. ज्याला माल पाहिजे असतो तो वाहनाचा बंदोबस्त करतो. आज वाहतुकीचा सगळा खर्च, सगळी जोखीम कास्तकाराच्या डोक्यावर आहे, अन् आपण ती जोखीम पुन्हा आपल्याच पोरांच्या मानेवर टाकतो, सीट काढलेल्या कारमध्ये. त्यापेक्षा शेतकरी कंपन्यांना विचारा की गावातून माल उचलाल का. काटा गावात लावाल का. ग्रामसभेत पाणंद रस्त्याचा विषय काढा, २०२१ पासून मातोश्री पाणंद रस्ते योजना आहे, तिच्यात आपल्या शिवाराचा रस्ता आला का ते बघा. पिकअप खळ्यापर्यंत आली तर निम्मं रडगाणं संपतं.

कुणाला माझा हिशोब पटला नसेल तर स्वतःचा मांडा. वर्षाचे क्विंटल किती, बाजार किती किलोमीटर, भाडं किती, खेपा किती, पेट्रोल किती, दिवस किती. आकडे खाली लिहा, मी उत्तर देतो. फक्त "आमच्याकडे काही होत नाही" असं लिहू नका. ज्याचं होतं तो लिहायला येत नाही.

आणि ज्यांनी सीट काढून घरात ठेवली आहे त्यांनी ती आज परत बसवा. हरभरा निघायला अजून वेळ आहे, तोवर शेजारच्या तिघांशी बोलून ठेवा.